रुख्मिणीचा ताप

जयवंताशी लग्न ठरलं तेव्हा ताराचंदनं आपल्या पहिल्या बायकोबद्दल एवढंच सांगितलं होतं, की रुख्मिणी तापानं गेली. त्यावर जयवंतानं कधी दुसरा प्रश्न केला नाही. नागपूरजवळच्या वाडी गावात ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार चालला होता. ताराचंद आधी ट्रक चालवायचा. कमरेनं दगा दिला तसा तो एका गोदामात हमालांचा मुकादम झाला. कमी बोलणारा माणूस. दारू नाही, मारझोड नाही. बायका म्हणायच्या, जयवंतानं नशीब काढलं.

चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात पाळी नसतानाही तिच्या अंगावरून लाल जायला लागलं. काही दिवस तिनं अंगावर काढलं, मग ती मोठ्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टर सुमतीबाईंनी आतून तपासलं, काचेच्या पट्टीवर काहीतरी पुसून घेतलं आणि पुन्हा बोलावलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी सांगितलं, की गर्भपिशवीच्या तोंडावरच्या पेशी बिघडायला लागल्यात. कॅन्सर नाही, पण असंच सोडलं तर होईल. तेवढा भाग कापून काढावा लागेल.

मग त्यांनी घरची चौकशी केली. नवऱ्याचं हे पहिलंच लग्न का? दुसरं, जयवंता म्हणाली. पहिली कशानं गेली? तापानं.

"नक्की तापानं? घरी विचारून या."

जयवंतानं कारण विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, की बाहेरच्या देशांत या रोगाच्या पेशींत एक विषाणू सापडू लागलाय. तो पुरुषाकडून बाईकडे येतो, आणि पुरुषाला स्वतःला काहीच होत नाही. एकाच माणसाच्या दोन्ही बायकांना हा रोग झालेलाही पाहण्यात आलाय. सगळं अजून पक्कं नाही, असंही त्यांनी बजावलं. पण नेमकं तेवढंच जयवंताच्या कानात शिरलं नाही.

घरी आली ती वेगळीच बाई होऊन आली. ताराचंद हातपाय धुऊन जेवायला बसला, तशी ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. याच हातांनी यानं दुसऱ्या कोणाकोणाला धरलं असेल? रुख्मिणी तापानं गेली, तर तिचा एक फोटोही घरात का नाही? तिचं माहेर इथंच, नागपुरातच. मग त्या घरचं कोणी कधी उंबऱ्यावर का आलं नाही? आजवर साध्या वाटलेल्या गोष्टींना आता काटे फुटायला लागले.

तिनं विचारलंच. ताराचंदनं पुढचा घास घेतला. ताप होता, तो म्हणाला. कसला ताप? साधा ताप. मग तो डॉक्टरवरच घसरला. नसबंदीच्या वेळेस लोकांना कसं धरून नेलं ते विसरली का, या लोकांना कापायला माणूसच पाहिजे असतो. आणि शेवटी हळूच म्हणाला,

"बीमारी तुले झाली, अन् सवाल मले काहून?"

ते वाक्य जयवंताला चाकूसारखं लागलं. म्हणजे याचा संशय आपल्यावर? गोदामातला मुनीम दारावरून जाताना दोन शब्द बोलायचा, त्याचं नाव आता निघतं की काय, म्हणून दोन दिवस ती दारात उभीच राहिली नाही.

तिसऱ्या दिवशी ती नागपुरातल्या नंदनवन वस्तीत रुख्मिणीच्या बहिणीचं, सिंधूताईचं घर विचारत गेली. सिंधूताईनं तिला आत घेतलं, पण पाणी दिलं नाही. ताराचंदनं काहीतरी हेतूनं हिला पाठवलं, असंच तिला वाटत होतं. जयवंतानं पदर सावरून आपलं दुखणं सांगितलं, तेव्हा कुठं सिंधूताईचा चेहरा बदलला. ती उठून पाणी घेऊन आली.

ताप कसला, ती म्हणाली. दोन वर्षं अंगावरून जात होतं. वास यायचा म्हणून गावच्या घरी सासूनं तिची खाट मागच्या पडवीत टाकली. दवाखान्यात नेलं तेव्हा पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर सगळीकडे पसरला होता. ताराचंदनं तिचे कपडे स्वतःच्या हातानं धुतले, हे सिंधूताईनं कबूल केलं.

"पण गावानं तिच्या चालीवर बोट ठेवलं, वाईट चालीच्या बाईलेच असं होते म्हणून. अन् तो बाजूले उभा राहून आयकत होता. एक शब्द बोलला नाही वं."

संध्याकाळी जयवंतानं हे सगळं नवऱ्यापुढं ठेवलं. तो भिंतीला टेकून खाली बसला. मग म्हणाला,

"तिच्यावर बोलले तसे तुह्यावरही बोलतीन, म्हणून ताप सांगत होतो."

"अन् तुमच्या चालीवर कोण बोलन?"

 ट्रकवर असताना रायपूरच्या रस्त्यावरच्या बायांकडे, दोन-चार वेळा, तो म्हणाला. लग्नाच्या आधी. कोणत्या लग्नाच्या, हे जयवंतानं विचारलं नाही. जे उत्तर येईल त्यावर आपला विश्वास बसणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी तो सोबत आला. डॉक्टरबाईंनी त्यालाही बसवून सांगितलं, की कुठून आलं, केव्हा आलं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. दरवर्षी तपासणी मात्र चुकवायची नाही. कापलेला भाग तपासून आला, रोग पुढे गेला नव्हता. जयवंता वाचली. पुढची तपासणीही चांगली निघाली. पण ताराचंदला घरी यायला उशीर झाला, की तिचे कान रस्त्याकडे लागायचे, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

पुढल्या वर्षी पोळ्याला दोघं त्याच्या गावी गेली. त्याच्या आत्याबाई, म्हणजे बायजाबाई, चुलीपुढं बसून चार बायकांत म्हणाल्या, की दवाखान्याची गोष्ट गावात आली आहे; आमच्या ताराचंदच्या नशिबी अशाच चालीच्या बाया. जयवंतानं लाटणं थांबवलं आणि दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. हा आताही गप्प बसणार, अशी तिची खात्रीच होती.

"माह्याकडून गेलं असन, आत्याबाई," ताराचंद म्हणाला. "दोघीलेही. रुख्मिणीच्या चालीत काही नव्हतं."

बायकांनी माना खाली घातल्या. आत्याबाई चुलीत उगाच लाकूड सारत राहिल्या. जयवंताला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर मन हलकं होईल. तसं झालं नाही. पण परतीच्या एसटीत, गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून पहिल्यांदाच, ती त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली.