डोलकाठीखालचा लिलाव

हिनेसला मखमली कोट चढवला तेव्हा अख्खं जहाज खिदळत होतं. स्पॅनिश आरमाराचा साधा स्वयंपाकी, आणि आज म्हणे सरदार! बंदरात शेजारीच इंग्रजांची जहाजं होती. दोघांत तह झाला होता, तो मोडू नये म्हणून दोन्हीकडून सरदार ओलीस द्यायचे होते. आमच्या सरदारांना मात्र त्याच दिवशी नेमक्या पोटात कळा आल्या.

"अरे, दोन दिवस बसून खायचं," मावसभाऊ ब्लास म्हणाला. जहाजाचं कोठार त्याच्या ताब्यात. "तोंड तेवढं मीट. तू बोललास की लसणाचा वास येतो."

"दादा, काही दगाफटका नाही ना?"

"खुळा का तू? दगा असता तर तुला धाडला असता मी?"

लहानपणापासून हिनेस त्याच्याच शब्दावर चालत आलेला. गेला बिचारा.

इंग्रजांच्या जहाजावर हंफ्री नावाचा दुभाष्या होता, स्पेनमधल्या सेव्हिया शहरात बरीच वर्षं काढलेला. त्यानं ऑलिव्ह आणि दारू पुढे ठेवली. "घ्या सरदार, लाजू नका." हिनेसनं तोंड मिटून भरपूर हाणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कठड्याशी आला. आपलं जहाज हाकेच्या अंतरावर होतं. त्याची गोधडी एका खलाशाच्या खांद्यावर होती. त्याचे बूट दुसऱ्याच्या पायात. आणि आईनं विणलेली लाल टोपी ब्लासच्या डोक्यावर.

माणूस मेला की मोठ्या डोलकाठीखाली त्याच्या सामानाचा लिलाव होतो, ही आमच्या जहाजांवरची रीत. पण मेल्यावर हो! जिवंतपणी नाही.

"दादा! माझी टोपी का घातलीस?"

ब्लास चपापला. त्यानं टोपी काढून छातीशी धरली आणि मयतापुढे करतात तशी क्रूसाची खूण केली. मग टोपी पुन्हा चढवून खाली सटकला.

मेला हलकट! हिनेस रडत हंफ्रीकडे धावला. "मी सरदार नाही हो, स्वयंपाकी आहे! आमचे लोक तह मोडणार आहेत!"

"तुझे हात कालच पाहिले मी," हंफ्री म्हणाला. "म्हटलं, जेवू दे गरिबाला."

तेवढ्यात पलीकडे कर्णा वाजला आणि तोफा सुटल्या. इंग्रज कुऱ्हाडी घेऊन ओलीस शोधत धावले. हंफ्रीनं हिनेसचा कोट ओरबाडून समुद्रात फेकला, त्याला पिठाच्या पिंपात कोंबलं आणि झाकण लावलं.

दुपारी ते जहाज आमच्या लोकांनी जिंकलं. हिनेस पिंपातून बाहेर आला तेव्हा हंफ्री तिथंच पडला होता, पोट फाटलेला. हिनेसनं त्याचे डोळे मिटले. मग तसाच पिठानं माखलेला तो आपल्या जहाजावर परतला.

ब्लास समोरच उभा. आधी पांढराफटक पडला, मग त्याचा हात डोक्याकडे गेला आणि टोपी घट्ट धरून राहिला.

"हे बघ हिनेस," तो म्हणाला, "ही मी लिलावात रीतसर घेतलीय हां."