गणपतीनंतरचा बुधवार

"पाठ मोडली बसून. आप्पांनी निदान कोरी चाय तरी सांगायची," हौसाकाकी माझ्या कानाशी पुटपुटली.

चहाचं नुसतं निमित्त. तिचा जीव वाडीच्या या बैठकीत ठरणाऱ्या शिबिराच्या तारखेत अडकला होता. मी वाडीची आशा सेविका, त्यामुळे नको त्या पुष्कळ गोष्टी मला ठाऊक असतात. शिमग्याला तिचा दीपक मुंबईहून आला तेव्हा वाळून निम्मा झाला होता. आता गणपतीला पाच दिवस येणार. तपासणी त्या पाच दिवसांत झाली तर झाली. मुद्दाम दवाखान्यात जाणाऱ्यातला तो नाही.

एरवी शिबिराचा कागद तालुक्यातून ठरूनच येतो. या वेळी देवरूखहून आरोग्य खात्याच्या तेजस्वी मॅडम कोरा कागद घेऊन आल्या. जागा, दिवस, वेळ, सगळं गावानंच ठरवायचं म्हणाल्या. सोबत एचआयव्ही तपासणीचा फलकही होता. वाडीप्रमुख आप्पांनी तो टेबलाला बांधताना वरची ओळ नीट आत दुमडली. 'मोफत शिबिर, सर्वांचे स्वागत' एवढंच बाहेर उरलं.

जागेवर तासभर गेला. शाळेत पोरं, देवळात देव, पंचायतीत सरपंच. शेवटी नदीकडचं पंपघर निघालं, म्हणजे कुणी कुणाला दिसायला नको. मी म्हटलं, त्या वाटेला दुसरं काहीच नाही, तिकडे वळलेला माणूस अख्ख्या वाडीला कळेल. आप्पा म्हणाले, सावित्री, तू फक्त लिहून घे.

मग तारीख. सणात विघ्न नको म्हणून आप्पांनी गणपती गेल्यानंतरचा बुधवार काढला. सगळ्यांना पटला. त्या बुधवारी वाडीत उरणार आम्ही बायका, आप्पा आणि भागोजीची म्हैस. मुंबईचे चाकरमानी परत गेल्यावर तपासायचं कुणाला, असं मॅडमनी विचारलं. सगळे वरच्या पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता.

मी 'बुधवार' लिहायला घेतलं. 'बु' झाला आणि हौसाकाकीनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. तिला लिहिता येत नाही. ते मुठीत धरून ती उभी राहिली.

"गणपतीतलाच दिवस धरा. दुसरा. सकाळची आरती झाली की माझ्या पडवीत."

आप्पांनी तिला समजावलं. सणाचं घर, चार माणसं येणार-जाणार, आणि हा असला आजार आपल्या वाडीत आहेच कुठे.

"आमचे हे काविळीनं नाय गेले, आप्पा."

मॅडम सोडून कुणी तिच्याकडे बघितलं नाही.

"एचआयव्हीनं गेले. मुंबईतनं आणलेला. तुमी कावीळ म्हटलं, मी पण म्हटलं. बारा वर्सं झाली. कावीळ म्हटल्यावर मला कोण तपासणार? पयली मी बसते. मग बाकीचे बसतील."