अकरावी ओळ

"बाबांना काय विचारताय, मला विचारा ना," जितेश म्हणाला, आणि कुंदा सिस्टरच्या तोंडात कडू आलं.

हे रोजचंच. कॅम्प पाचमधल्या त्या हृदयाच्या दवाखान्यात तिने बावीस वर्षं काढली होती. पेशंट समोर बसलेला, पण सल्ला द्यायचा तो मुलाला. मीठ कमी, रोज चालणं, गोळ्यांच्या वेळा, सगळं मुलगा ऐकतो, मुलगाच सही ठोकतो. आणि फॉर्मवरची अकरावी ओळ, 'पती-पत्नी संबंधांविषयी सांगितले', तिच्यापुढे सिस्टरने मुकाट्याने खूण करायची. मुलासमोर काय डोंबल सांगणार? दुपारच्या चहाला त्या ओळीवरून फिदीफिदी हसायचं, एवढाच तिचा उपयोग. कुंदाही हसायची, मागच्या महिन्यापर्यंत.

मागच्या महिन्यात आनंदनगरच्या कारखान्यातला हरिचंद्र गेला. कुणीतरी दिलेली ताकदीची गोळी घेतली, तासाभराने छातीत दुखलं म्हणून जिभेखालची गोळी ठेवली, आणि रक्तदाब कोसळला तो कोसळलाच. त्याच्या फॉर्मवर अकराव्या ओळीपुढे कुंदाच्या हातची खूण होती. घरी सोडलं त्या दिवशी त्याची बायको किर्ती टेबलापाशी घुटमळली होती.

"सिस्टर, एक विचारायचं होतं."

"फाईल पूर्ण झालीये, निघा आता," कुंदा म्हणाली होती. हरिचंद्र गेल्यापासून तिला स्वतःच्या अक्षराचीसुद्धा किळस यायची.

आज समोर मोरिवलीचा महिपती होता. बायपासला तीन महिने झालेले, सकाळची तपासणी छान आलेली. शेजारी बायको बनूबाई, आणि मध्ये हा मुलगा, दोघांचा वकील असल्यासारखा.

"जितेश, खिडकीवरून फाईलवर शिक्का मारून आण."

"मॅडम, वो तो हो गया."

"परत मारून आण."

तो गेला तसं डॉक्टर अनीशने दारातून डोकं घातलं. "सिस्टर, बाहेर लाईन लागलीये. अकरावं टिक करून सोडा ना, या वयात कसलं काय," म्हणत त्याने डोळा मारला. कुंदाने त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं.

"महिपतीदादा, घरी दोघं एकत्र झोपता का?"

महिपती पंख्याकडे बघत राहिला. बनूबाईने पदर तोंडाशी नेला.

"मी पडवीन निजतंय," शेवटी तीच म्हणाली. "यांना काय झाला तं सगली बोलतील, बायकोनंच मारला."

"मना वाटला, तुला या वनाची किलस येते," महिपती छातीवरच्या टाक्यांच्या वणावर हात ठेवून म्हणाला.

"किलस?" बनूबाई त्याच्याकडे वळली. "रातचा तुमचा श्वास ऐकाला मी दारामागं बसतंय."

महिपतीने खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. आत ताकदीची निळी गोळी होती. "सोम्यानं दिली. आज घ्याचा विचार व्हता."

कुंदाने पुडी उचलून ड्रॉवरमध्ये टाकली. "ही आणि जिभेखालची, दोन्ही पोटात गेल्या तर माणूस जातो. गेलाय एक. असलं काही लागलंच तर डॉक्टरला विचारायचं, सोम्याला नाही." मग आवाज उतरवून ती बनूबाईला म्हणाली, "दोन जिने दम न लागता, छातीत न दुखता चढले, तर एकत्र झोपायला घाबरायचं कारण नाही. आणि लाजायचंही नाही."

"आमचा घर बैठा हाय. जिना कुठं बघू?"

कुंदा उठली. लिफ्ट आल्यापासून दवाखान्याचा जिना सगळ्यांनी झाडूवाल्यांना सोडून दिला होता. कोपऱ्यांत पानाच्या पिचकाऱ्या, लोखंडी कठडा चिकट. महिपती चढू लागला, कुंदाची बोटं त्याच्या नाडीवर, आणि मागे बनूबाई.

"अरे, लिफ्ट आहे ना!" खालून जितेश ओरडला.

"तू खालीच थांब," कुंदा म्हणाली.

दुसऱ्या मजल्यावर महिपती उभा राहिला. "दम नाय," तो म्हणाला. बनूबाईने त्याच्या छातीवर तळवा ठेवला. शेजारून वॉर्डबॉय गेले, पेशंट गेले, पण तिने हात काढला नाही.

कुंदा खाली आली. अकराव्या ओळीपुढे पेन टेकवलं आणि थांबली. ती खूण तिच्याच्याने होईना. तिने अक्षरांत लिहिलं, 'दोघांना सांगितले.'

बाहेर बाकावर पुढच्या पेशंटची बायको पदराचं टोक पिळत बसली होती. मुलगा फाईल घेऊन पुढे झाला.

"तू नाही," कुंदा म्हणाली. "ताई, तुम्ही या. तुम्हाला काय विचारायचंय?"