चिखल थापलेलं लपण

अमेरिकेत, आर्कान्सातल्या शिकारीच्या सामानाच्या एका दुकानात डेल्बर्टनं बदकांच्या शिकारीसाठी आडवं पडून वापरायचं लपण निवडलं.

"बसायचं घ्या, डॅडी. झोपलात तर चिखलातून उठवायला ट्रॅक्टर लागेल," त्याची लेक लोरीन म्हणाली.

"उघड्या भातखाचरात तुझी ती बसायची उंच खोपी बदकांना लांबून दिसेल. त्यापेक्षा त्यांना निरोपच धाड," तो हसला आणि त्यानं झोपायचंच घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो अंथरुणातून उठला नाही; झोपेतच गेला होता.

शिकारीचा हंगाम सुरू झाला तेव्हा लोरीननं ते लपण वीतभर पाण्याच्या खाचरात नेलं. नव्या कापडाची चकाकी घालवायला, त्याच्या रीतीप्रमाणे, त्यावर चिखल थापला. ती लांब बांधाआड बसली; लपणात कुणीच नव्हतं. बदकं निर्धास्त उतरली.

"डॅडी," ती मोठ्यानं म्हणाली, "ट्रॅक्टरची थट्टा होती. तुम्ही उठणार नाही, याचीच मला भीती वाटत होती."