साहेबांची हकालपट्टी

यात सोफेवाल्याचा फायदाच फायदा होता. सिगारेट सोडल्याची बायकोकडून शाबासकी, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ शाबूत, वर बाथरूमचं दार लावून पेपरमिंटच्या वासाची व्हेप, म्हणजे ती ई-सिगारेट, ओढायची मोकळीक. धूर नाही, राख नाही, मग शपथ मोडली कुठे? मनातल्या मनात त्याने स्वतःला कधीच निर्दोष सोडून दिलं होतं.

लेकीला दमा. यंदा तिची छाती जास्तच वाजायला लागली, तशी बायकोने घरातले संशयित धरायला सुरुवात केली. आधी गालिचा गेला. मग सोफेवाल्याने हौसेने शिवलेली गादी. शेवटी बोट वळलं साहेबांकडे. साहेब म्हणजे लेकीचा बोका.

"केस झडतात मेल्याचे. तुमच्या ताईंकडे सोडून या."

सोफेवाल्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. ते त्याने गिळलं आणि टोपली उचलली. लेक जिन्यापर्यंत आली. "बाबा, आत्याला सांगा, तो पंख्याला घाबरतो," म्हणाली. पुढच्या वाक्याला श्वास पुरला नाही.

निरोप द्यायचा राहूनच गेला. ताईच्या गच्चीवर दोन झुरके मारायची घाई होती.

बोका गेला, दमा राहिला. एका सकाळी शाळेचे बूट चढवता चढवता लेक खाली बसली, ओठ निळे पडले. दवाखान्यात मास्क लावला तेव्हा कुठे बरगड्यांची धडपड जरा थांबली.

"घरात कोणी ओढतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"छे हो! ह्यांनी केव्हाच सोडली," बायको तोऱ्यात म्हणाली. "बोकासुद्धा घालवला आम्ही."

"मग औषध वाढवावं लागेल."

लेकीने मुकाट्याने सुईसाठी हात पुढे केला. तो हात सोफेवाल्याला बघवेना.

"मी ओढतो," तो म्हणाला. "व्हेप. बाथरूममध्ये. नुसती वाफ असते."

"दम्याच्या छातीला ती नुसती नसते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि दार लावलं म्हणून आत बसून राहत नाही."

बायकोने आवाज चढवला नाही, तेच वाईट. "कधीपासून?"

"साहेब जायच्या आधीपासून."

बाहेर येऊन त्याने ताईला फोन लावला. बोका परत हवा म्हणाला.

"अरे, दुसऱ्याच दिवशी मी पंखा लावला नि तो खिडकीतून जो पळाला... तुला सांगायला तोंड होईना."

तर हिशेब असा: गालिचा गेला, गादी गेली, साहेब गेले. लेकीने आपला श्वास खर्ची घातला, आणि साहेब पळाल्याचं तिला अजून कळायचंच होतं. सोफेवाल्याने टाकली ती अंगठ्याएवढी नळी, दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात. तीही टाकताना त्याचा हात क्षणभर अडखळलाच.