पोलिक्सेनीची सत्तावीस वर्षं

ग्रीसच्या स्पेत्सेस बेटावर पोलिक्सेनी नावाची जहाजं तीन होती, पण नुसतं ‘पोलिक्सेनी’ म्हटलं की लोकांना आठवायची ती सिदेरिस तांडेलाची. मालक वेगळा, कप्तान तर सहा बदलले, तरी नाव जोडलं गेलं ते तांडेलाशीच. तिचा पहिला खिळा वयाच्या बाविसाव्या वर्षी आपण ठोकला असं तो सांगायचा. तसं सांगणारे बेटावर आणखी चौघे होते, ते सोडा.

चोवीस वर्षं तिने काळ्या समुद्रातला गहू वाहिला. एकदा इंग्रजांचा वेढा चुकवून ती मार्सेलच्या बंदरात शिरली, तेव्हा धक्क्यावरच्या उपाशी बायकांनी तिच्या नाळेचे, म्हणजे पुढच्या टोकाचे, मुके घेतले होते. मग सुलतानाविरुद्ध बंड पेटलं. तिच्या दोन्ही कुशींना भोकं पाडून बारा तोफा बसवल्या, आणि गहू वाहणारी ही साधी बाई ईस्टरच्या आत लढाऊ जहाज झाली. तीन उन्हाळे ती लढली. दोनदा तिची मोठी डोलकाठी तोफगोळ्याने मोडली, दोन्ही वेळा सिदेरिसने नवी उभी केली. काय दिवस होते ते! जेवायला बसलं की खारवलेल्या माशांबरोबर तो पोरांना हेच वाढायचा, आणि पोरं तोंड वाकडं न करता दोन्ही खायची.

चौथ्या उन्हाळ्यात बेटाच्या पंचांनी तिचा बुर्लोतो करायचं ठरवलं. म्हणजे पोटात राळ, गंधक आणि दारू भरायची, शत्रूच्या जहाजाला नेऊन चिकटवायची आणि पेटवून द्यायची. माणसांनी मागे बांधलेल्या होडीतून निसटायचं.

“तिच्या फळ्या म्हाताऱ्या झाल्यात, बार्बा,” बेटाच्या रीतीने सिदेरिसला काका म्हणत कप्तान लेकास म्हणाला. तो पस्तिशीचा, याआधी दोन जहाजं जाळून आलेला. त्याच्या भुवया अजून नीट उगवल्या नव्हत्या.

“माझ्याही झाल्यात. मलाही जाळा.”

“तुझ्यात राळ कमी आहे.”

खलाशी हसले. सिदेरिस हसला नाही. पण दुसऱ्या कुणाला त्याने तिला हातही लावू दिला नाही. काळजावर दगड ठेवून त्यानेच तिच्या पोटात वाळकी झुडपं रचली, त्यानेच दोरांना डांबर चोपडलं. तिला न्यायचं होतं सामोस बेटाकडे, सुलतानाच्या आरमारावर, पण “तयारी करून देतो, बरोबर येणार नाही,” एवढं त्याने बजावून सांगितलं.

तयारी झाली आणि लेकासच्या अंगाचा तिळपापड झाला. आठवडाभर कडक ऊन होतं, तरी वरच्या फळ्या ओल्या. चुरचुरीत वाळलेलं जहाज हवं, आणि हे दमट! खालची झुडपंही ओलावलेली. कुणीतरी मुद्दाम पाणी मारतंय, असं म्हणत त्याने पहाटे स्वतः येऊन पाहिलं. सिदेरिस बादलीने समुद्राचं पाणी ओढून फळ्यांवर ओतत होता.

“बार्बा! जहाज वाचवायला बघतोस?”

सिदेरिसने हातातल्या बादलीकडे पाहिलं. ती तिथे कशी आली हे त्यालाच कळेना. उन्हाने फळ्या आक्रसतात, सांधी उघडतात, म्हणून सत्तावीस वर्षं रोज उजाडताना त्याने तिला पाणी पाजलं होतं. डोक्याने तिला जाळायचं मान्य केलं होतं, हातांना कुणी सांगितलंच नव्हतं.

“जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही,” मागून कुणीतरी पुटपुटलं.

“उतर खाली,” लेकास म्हणाला. “घरी बायकोकडे जा. मारिगोकाकूला सांग, दोन दिवस तुला बांधून ठेव.”

सिदेरिस शिडीपर्यंत गेला आणि थांबला. “सुकाणूवर कोण?”

“मी.”

“वारा चढला की ती डावीकडे ओढते. आधी सोडायचं, मग धरायचं. तू आधीच धरशील.”

“धरेन. मग?”

“मग ती चुकेल. शत्रूच्या बाजूने निघून जाईल आणि एकटीच जळेल, लेकरा. फुकट.” म्हातारा शिडीपासून मागे फिरला. “मरायचंच आहे तिला, तर फुकट नको मरायला. मी नेतो.”

 लेकासने बादली उचलून होडीत टाकली आणि तो म्हणाला, “ही मात्र इथून जाऊ दे.”

पाच दिवसांनी, टळटळीत दुपारी, सामोसच्या खाडीत वारा चढला आणि पोलिक्सेनीने डावीकडे ओढ घेतली. सिदेरिसने तिला मनासारखं ओढू दिलं, आणि मग धरलं. शत्रूच्या चाळीस तोफांच्या जहाजावरून गोळ्यांचा पाऊस पडत होता. तिची नाळ त्याच्या कुशीत करकरत घुसली, आकडे त्याच्या दोरांत अडकले. “उड्या मारा!” लेकास ओरडला. सगळे होडीत उतरल्यावर त्याने वात पेटवली आणि स्वतःही उडी टाकली.

वल्ही मारणाऱ्याची पाठ पुढे असते, तोंड मागे. सिदेरिसला बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

“बघू नकोस, बार्बा,” लेकास म्हणाला. “डोळे मीट. मी सांगतो तशी वल्ही मार.”

सिदेरिसने डोळे मिटले नाहीत. आग अजून खालीच होती. वर सगळी शिडं उभारलेली, वाऱ्याने तट्ट फुगलेली, उन्हात पांढरीशुभ्र. सत्तावीस वर्षं, जेव्हा जेव्हा तिची सगळी शिडं उभी राहिली, तेव्हा तेव्हा तो तिच्यावरच होता. शिडांचे दोर त्याच्याच हातात असायचे. बाहेरून, लांबून, भरल्या शिडांची पोलिक्सेनी तो आज पहिल्यांदाच पाहत होता.

“अरे,” तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून वाहू लागले, “इतकी देखणी होती? मला कुणी बोललं कसं नाही रे?”