भावाच्या वर्गात

चिमणाबाईची बायडा वाचायला शिकली ती उलटी. म्हणजे पुस्तक सरळच असायचं, पण ते असायचं थोरल्या आकारामच्या मांडीवर, आणि बायडा बसायची त्याच्या समोर. घरात पुस्तक एकच. आकाराम बोट ठेवून अक्षर लावायचा, अडखळायचा, पुन्हा मागं जायचा. तोवर समोरच्या चार वर्षांच्या पोरीनं ती ओळ आपल्या बाजूनं वाचून टाकलेली असायची. पुढं शाळेत घातल्यावर मास्तरांनी तिच्या हातात पुस्तक दिलं, तर तिनं ते फिरवून उलटं केलं आणि घडाघडा वाचलं. वर्ग हसला. आकारामला मात्र त्याचं भारी कौतुक. "माझ्याकडं शिकलीया ती," असं तो आळीभर सांगत फिरला.

घर शुक्रवार पेठेतलं. पुढं दोन खोल्या, मागं गोठा, गोठ्यात चार म्हशी. हंबीरराव सकाळ-संध्याकाळ म्हशी घेऊन गंगावेशीच्या कट्ट्यावर जायचे आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायचे. संस्थान विलीन होऊन तीनेक वर्षं झाली होती, पण कट्ट्यावर अजून महाराजांच्याच गोष्टी चालायच्या. हंबीररावांचा आवाज मोठा, मन त्याहून मोठं आणि राग दोन्हींहून मोठा. चिमणाबाई त्यांच्यासमोर फारशी बोलत नसे. तिला बोलायची गरजही पडत नसे. शेणघाण, चारापाणी, भाकऱ्या यातून दिवस कधी सरायचा ते कळत नसे.

पण बायडाचा तिला घोर असे. पोर कामाला चुकत नव्हती, उलट बोलत नव्हती. फक्त विचारायची. म्हैस पाण्यात उतरली की तिचे पाय मोडल्यासारखे का दिसतात? रेड्याला आपण रेडा आहे हे माहीत असतं का? शून्याला शून्यानं भागलं तर काय होतं? चिमणाबाई म्हणायची, "बापाला इचार." बाप म्हणायचा, "मास्तरला इचार." आणि आकाराम म्हणायचा, "आपण दोघं मिळून बघू की." खरोखर तो तिला नदीवर नेऊन पाण्यात काठी धरून बसायचा. काठी का मोडते ते दोघांनाही कळलं नाही, पण मोडते कुठं ते बायडानं नीट बघून घेतलं.

बायडा तिसरीत गेली त्या वर्षी शाळेत माधव मास्तर आले. ट्रेनिंग घेऊन नुकतेच बाहेर पडलेले, अंगावर स्वच्छ धोतर, डोळ्यांत उत्साह. पाचवीचा वर्ग त्यांच्याकडं होता. कुठून तरी त्यांच्या कानावर या पोरीचं नाव गेलं आणि त्यांनी तिला बोलावून पाचवीची गणितं घातली. तिनं ती सोडवली, आणि एका गणिताचं पुस्तकात छापलेलं उत्तर चुकल्याचंही सांगितलं. मास्तरांनी तपासून पाहिलं, तर खरंच चुकलं होतं. त्या दिवशी ते घरी जाऊन बायकोला म्हणाले की, असं मूल शिक्षकाला जन्मात एकदाच भेटतं. मग ते थोरल्या मास्तरांच्या मागं लागले, त्यांना पटवलं आणि बायडाला तिसरीतून उचलून पाचवीत बसवलं.

पाचवीत आकाराम होता. एकदा नापास झालेला, वय तेरा.

हे चिमणाबाईच्या मनाला लागलं. तिनं नवऱ्यापाशी हळूच विषय काढला की, भावाबहिणीला एका वर्गात कशाला, दुसरा कुठलातरी वर्ग द्या नाहीतर आहे तिथंच राहू द्या. हंबीररावांनी ऐकून घेतलं नाही. त्यांनी कट्ट्यावर पेढे वाटले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला ते घरी आणायचे, चहा सांगायचे आणि बायडाला हाक मारून वर्तमानपत्र वाचायला लावायचे. पावणं माना डोलवायचे. वाचून झालं की हंबीरराव आकारामकडं वळून म्हणायचे, "बघ. न्हायतर तू. तिच्या पायाचं तीर्थ घे रोज." आकाराम हसायचा. आधी खरं हसायचा, मग नुसते दात दाखवायचा, आणि पुढं पुढं पावणं आले की तो गोठ्यात जाऊन बसू लागला.

दिवाळीनंतर बायडा गप्प झाली.

आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग वर्तमानपत्र समोर धरलं तर ती म्हणायला लागली, "मला येत न्हाय." बाप आधी हसला, मग खवळला. शाळेत मास्तरांनी प्रश्न विचारला की ती उभी राहायची आणि खाली बघायची. पाटीवरची गणितं चुकायला लागली. तेवढ्यात शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले. माधव मास्तरांनी मोठ्या अभिमानानं बायडाला पुढं उभं केलं. साहेबांनी सोपीच बेरीज घातली. ती उभी राहिली. साहेबांनी अजून सोपी घातली. ती उभीच राहिली. साहेब हसून म्हणाले की, मास्तर, तुम्ही अजून नवीन आहात. सगळी शाळा ते बोलणं ऐकत होती. संध्याकाळपर्यंत ते कट्ट्यावर पोचलं.

हंबीररावांना वाटलं दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या, गळ्यात ताईत बांधून झाला. कुणी सांगितलं म्हणून जोतिबाला नारळ फोडून झाला. पोर जेवत होती, पाणी भरत होती, शेण काढत होती. विचारत मात्र काही नव्हती. चिमणाबाईला त्याचंच भय वाटायला लागलं. इतकी वर्षं जे प्रश्न नकोसे व्हायचे, ते आता येत नाहीत म्हणून ती चुलीपाशी बसून वाट बघायची.

मग एके दिवशी हंबीरराव म्हैस बघायला पेठ वडगावच्या बाजाराला गेले. म्हशी धुवायला आकाराम नदीच्या घाटाखाली निघाला, तशी चिमणाबाईही त्याच्याबरोबर गेली. नदीला पाणी कमी होतं. आकाराम गुडघाभर पाण्यात उभा राहून म्हशीची पाठ घासत होता. पोरगा उंच झालाय, हे तिला त्या दिवशी दिसलं.

"तिला काय झालंय, तुला ठावं हाय," ती म्हणाली.

तो घासत राहिला.

"आकाराम, मी तुला इचारतोय."

"वर्गात आमच्या एक रीत हाय," तो म्हणाला. "ज्याला उत्तर येतंय त्यानं न येणाऱ्यांच्या थोबाडीत द्यायची. मला आलं न्हाय. तिला आलं."

चिमणाबाई काठावरच्या दगडावर बसली.

"तिनं नुसता हात लावला," आकाराम म्हणाला. "मास्तर म्हणले, जोरात मार, न्हायतर तुला मारीन. तरी ती मारंना. मग मीच म्हणलो, मार की, काय हुतंय. तवा मारली."

"लागलं तुला?"

"न्हाय. मला कशाचं लागतंय. ती रडाय लागली, तर पोरं हसली. त्यातनंच हे झालं." त्यानं म्हशीवर पाणी मारलं आणि तोंड दुसरीकडं केलं. "आई, तिला सगळं येतंय. परवा मास्तरनी घातलेली गणितं तिनं मुद्दाम चुकवली. माझी जेवढी चुकली, तेवढीच तिनं चुकवली."

चिमणाबाई म्हशींच्या मागं घराकडं निघाली. कुणावर रागवावं ते तिला कळत नव्हतं. ज्या पोरीनं मारलं तिच्यावर रागवता येत नव्हतं, ज्यानं मार खाल्ला तो पोरगा तिचीच बाजू घेत होता. राहता राहिले मास्तर आणि बाप. आणि बापानं तर रोज पावण्यांसमोर हेच केलं होतं, फक्त हात न लावता. आणि ती स्वतः चहाचं आधण ठेवत आत बसली होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शाळेत गेली. आजवर ती शाळेच्या दारातून आत गेली नव्हती. लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन ती वर्गाच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. माधव मास्तर एकटेच टेबलापाशी डबा खात बसले होते. त्यांनी उठून खुर्ची पुढं केली. ती बसली नाही.

त्यांनीच सुरुवात केली. म्हणाले की, बरं झालं तुम्ही आलात. मुलीला घरी कुणी बोलतं का, मारतं का, काही तरी झालंय खास. मी फार काळजीत आहे.

"मारत कुणी न्हाय," चिमणाबाई म्हणाली. "तिला मारायला लावलंय. भावाच्या थोबाडीत. तुमी."

मास्तरांना क्षणभर काही आठवेना. मग आठवलं. ते म्हणाले की, ही तर सगळ्याच शाळांत रीत आहे, आम्हीही असंच शिकलो, त्यानं मुलांना ईर्ष्या येते. बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला आणि वाक्य तसंच राहिलं. त्या दिवशी बायडा रडली होती ती दोन घटका बाकावर डोकं ठेवून, आणि त्यांनी तिला उठवून पुढची गणितं घातली होती. हे त्यांना बहुधा त्याच वेळी आठवलं असावं.

"तुमी तिचं वाईट चितत न्हाय, ते मला कळतंय," चिमणाबाई म्हणाली. "पर तिला माघारी तिसरीत बशिवा."

"बाई, तिसरीत ती गंजून जाईल. तिला येतंय ते तिसरीच्या मास्तरांनाही येत नसेल."

"डोस्कं तिचं पाचवीत गेलं आसंल, मास्तर. बाकीची ती तिसरीतच हाय."

मास्तरांनी डब्याचं झाकण लावलं. पोर गंजेल हे तिलाही पटत होतं. तिला एवढंच ठाऊक होतं की, इथं ती मोडतेय.

संध्याकाळी मास्तर घरी आले. हंबीरराव नुकतेच कट्ट्यावरून परतले होते. मास्तरांनी चहा घेतला नाही. त्यांनी आकारामला बोलावून घेतलं आणि बापासमोर सांगितलं की, तुझ्या बहिणीच्या हातून तुला मारवलं, ते माझं चुकलं. आकाराम लाजून चूर झाला. मास्तरांनी चूक कबूल केलेली त्यानं कधी पाहिली नव्हती आणि अशा वेळी हात कुठं ठेवायचे तेही त्याला ठाऊक नव्हतं. हंबीररावांना मात्र थोबाडीत दिल्याचं काही वाटलं नाही. पोरीला परत तिसरीत बसवायचं म्हणताच ते उसळले. साऱ्या पेठेत नाक कापलं जाईल, मी पेढे वाटलेत, असं ते ओरडायला लागले.

"पेढं तुमी वाटलं," चिमणाबाई आतून बाहेर येत म्हणाली. "ती जाईल तिसरीत."

परक्या माणसासमोर ती नवऱ्याला कधी उलटून बोलली नव्हती. हंबीरराव तिच्याकडं बघतच राहिले. तेवढ्यात आकाराम म्हणाला, "तिला पाचवीतच ऱ्हाऊ द्या. मीच शाळा सोडतो. उद्यमनगरात कारखान्यातल्या एका मिस्त्रीला इचारून आलोय, ठिवून घेतो म्हणलाय."

हे त्यानं आधीच ठरवून टाकलं होतं ते चिमणाबाईला त्याच्या तोंडावरून कळलं. तिनं समजावलं, मास्तरांनी समजावलं, एकदा हंबीररावांनीसुद्धा आवाज उतरवून समजावलं. आकारामनं ऐकलं नाही. दाराआड उभी राहून बायडा सगळं ऐकत होती. तिला बाहेर बोलावलं तर ती आली आणि म्हणाली की, दादा शाळेत जाणार नसेल तर मी कुठल्याच वर्गात जाणार नाही. मग आकारामनं तिला गोठ्यात नेलं. काय बोलला कोण जाणे. परत आली ती डोळे पुसत, आणि तिसरीत जाते म्हणाली. आकारामनं मात्र शाळा सोडलीच.

अशी दोघांचीही वाट लागली, असं चिमणाबाईला वाटत राहिलं. ती शाळेत गेली होती दोघांना वाचवायला. एक घसरून हातातून गेला. आकाराम कारखान्यातून काळे हात घेऊन यायचा, पोटभर जेवायचा, हसायचा. त्याला तिथं बरं वाटत होतं. पण बहीण समोर बसली की तो उगाच उठून बाहेर जायचा, आणि तो घरात असला की बायडा पुस्तक हातात घेत नसे. "वाच की," तो म्हणायचा. "अभ्यास न्हाय आज," ती म्हणायची.

माधव मास्तरांनी एक सुचवलं. त्यांच्या पत्नी विमलाबाई मॅट्रिक झालेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. शाळा सुटल्यावर बायडानं त्यांच्याकडं यावं, तिला हवं ते वाचावं, हवं ते विचारावं. परीक्षा नाही, पावणं नाहीत, कुणापुढं उभं राहणं नाही. मास्तर स्वतः त्या वेळी बाहेर फिरायला जातील. हंबीरराव कुरकुरले, पण अडवलं नाही. चिमणाबाई संध्याकाळी चारापाणी आटोपून तिला आणायला जाऊ लागली.

बरेच दिवस विमलाबाई सांगायच्या की, मुलगी येते, बसते, चित्रं बघते, बोलत नाही. चिमणाबाई मान हलवायची. मग पावसाळा सरत आला असताना एका संध्याकाळी ती मास्तरांच्या जिन्याशी पोचली आणि वरून आवाज आला. बायडाचाच, पण किती दिवसांत न ऐकलेला. ती विमलाबाईंना काहीतरी समजावून सांगत होती, तारे दिवसा कुठं जातात त्याबद्दल, आणि मध्येच म्हणत होती, "तसं न्हाय हो काकू, थांबा, मी दावतो." विमलाबाई हसत होत्या. बायडाही हसत होती. शब्द एकमेकांच्या पायात पाय घालून धावत होते.

चिमणाबाई भराभर जिना चढून वर गेली. दारात तिची सावली पडताच आवाज थांबला. बायडानं पुस्तक मिटलं, उठली आणि चप्पल शोधायला लागली. जसं काही चोरून खाताना कुणी बघितलं.

वाटेत चिमणाबाईनं विचारलं, "तारं दिवसा कुठं जात्यात गं?"

"मला न्हाय ठावं," बायडा म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून चिमणाबाई जिन्यापर्यंत गेली नाही. ती अलीकडच्या कोपऱ्यावर थांबायची, किराणा दुकानाच्या फळीपाशी. तिथून खिडकीतला उजेड दिसायचा, आवाज ऐकू यायचा नाही. दुकानदारानं एकदा विचारलं की, बाई, वर का जात नाही? ती म्हणाली, "पोरीचं चाललंय अजून," आणि पदर सावरून तिथंच उभी राहिली.